बारा नंबरचे कंदीलवाले

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही, बायकोला तर नाहीच. मोठी माणसं स्वतःसाठीच लिहितात. तरी अक्षर नीट काढतोय. पुढेमागे कुणाला संशोधनाला लागली तर कुरकुर नको.

कारण लिहून ठेवतो. काल मुलीच्या सासरी गेलो होतो. व्याह्यांनी हॉलमध्ये वंशावळ लावलीय. फ्रेम, काच, वर इवलासा दिवा. त्यांचा मूळपुरुष म्हणे घोड्यावरून आला. मी विचारलं, कुठून? तर म्हणाले, ते महत्त्वाचं नाही, घोडा महत्त्वाचा. मग मला विचारलं, तुमचं मूळ काय? मी म्हणालो, पाणीपुरवठा खातं. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

घरी येताना ठरवलं. आमच्याही घराण्याचा इतिहास असणारच. तो कुणी शोधला नाही एवढंच. उभी हयात मी लोकांचे अर्ज नोंदवून घेतले, जुन्या कागदांना मी थोडाच भितो?

संकल्प: तीन महिन्यांत घराण्याचा समग्र इतिहास. रोज पाचला उठणे. चहा निम्मा. समोरच्याशी वाद बंद, इतिहासकाराला ते शोभत नाही.

५ जानेवारी, पावणेनऊ
आत्ता उठलो. दोष माझा नाही. समोरच्याच्या फाटकावरचा दिवा रात्रभर जळतो आणि उजेड थेट माझ्या उशीवर.

समोरचा म्हणजे नऊ नंबरवाला. आम्ही बारा. मध्ये एक स्कूटर आणि अर्धी सायकल जाईल एवढी गल्ली. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. आमचे आजोबा याच घरात जन्मले, त्याचे त्या घरात. माणूस मोठ्याने हसतो. त्याच्या झाडाची पानं आमच्या अंगणात पडतात. दिव्याबद्दल सांगितलं तर म्हणतो, राहू द्या हो दादा, रात्री येणाऱ्याजाणाऱ्याला बरं पडतं. आणि हसतो.

ही म्हणाली, पडदा लावा. मी म्हणालो, हवा येत नाही. ती म्हणाली, लावून बघितलाय का कधी? प्रश्न तत्त्वाचा आहे, पडद्याचा नाही. नगरपालिकेला स्मरणपत्र पाठवलं.

वाद बंद करण्याचा संकल्प उद्यापासून. चहा आज पूर्ण घेतला.

११ जानेवारी
पहिला दिवस रेकॉर्ड रूममध्ये. नगरपालिकेच्या तळघरात आहे. लोखंडी कपाटं, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, एक पंखा आणि रेकॉर्डवाल्या बाई. बाईंनी विचारलं, कुठलं साल हवंय? मी म्हणालो, सगळी. त्या म्हणाल्या, एका चिठ्ठीवर एकच मिळतं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच मागितला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माणसाची पात्रता ओळखली असावी.

तोंडाला मास्क लावा म्हणाल्या. मी नम्रपणे नकार दिला. धुळीला घाबरतो तो कसला संशोधक!

१३ जानेवारी
शिंका.

१४ जानेवारी
शिंका. मास्क आणला. रंगामुळे. निळा मला शोभतो.

२० जानेवारी
मोठी अडचण आणि तिच्यावर त्याहून मोठी मात. जुन्या घरपट्टीच्या नोंदींत आडनावं नाहीत! घर नंबर आणि धंदा, एवढंच. दुसरा कुणी असता तर दप्तर बांधून घरी गेला असता. मी डोकं चालवलं. आम्ही कधी घर बदललंय का? नाही. आमचा नंबर काय? बारा. मग जुन्या कागदांत जिथे जिथे बारा, तिथे तिथे आम्ही. संपलं! व्याह्यांना घोडा लागला, मला एक नंबर पुरला.

बाई म्हणाल्या, नंबरांचं जरा जपून हं, मध्ये बदल झालेले असतात. मी म्हणालो, बाई, मी सरकारी खात्यातूनच निवृत्त झालोय. नंबर म्हणजे काय ते मला सांगू नका.

२ फेब्रुवारी
नगरपालिकेच्या सभेच्या जुन्या नोंदीतून उतरवून आणलेलं जसंच्या तसं लिहितो:

‘घर नंबर बारा येथील इसम आपल्या दारावर रोज रात्री स्वखर्चाने कंदील लावतो. कामावरून उशिरा परतणाऱ्यांची त्यामुळे फार सोय होते. लोक त्यास कंदीलवाले म्हणतात. सभा त्याची आभारी आहे.’

कंदीलवाले! माझे पणजोबा! सगळा गाव अंधारात चाचपडत असताना आमच्या दारात उजेड होता. तळघरातच डोळे भरून आले. बाईंना वाटलं पुन्हा धूळ.

घरी येऊन हिला सांगितलं की औदार्य रक्तातच असावं लागतं, शिकवून येत नाही. ती म्हणाली, मग जिन्यातला बल्ब बदला, गेला त्याला वर्ष होत आलं. जिन्याचा प्रश्न वेगळा आहे. तो बल्ब लावला की फायदा फक्त वरच्या भाडेकरूंचा.

९ फेब्रुवारी
हसून हसून पोट दुखतंय. आज तक्रारींचं दप्तर उघडलं आणि त्यात कोण भेटावं? जुन्या काळचा नऊ नंबरवाला! अर्जांची चळत लावून ठेवलीय पठ्ठ्याने. सगळे आमच्या कंदीलवाल्यांविरुद्ध. प्रत्येक अर्जाची सुरुवात एकच: ‘मी शांतताप्रिय रहिवासी असून…’ पुढे कलमं. समोरच्या घरावरील कंदिलाचा उजेड माझ्या उशीवर येतो. समोरच्या झाडाची पानं माझ्या अंगणात पडतात. समोरचे पाहुणे गरजेपेक्षा जास्त हसतात. ‘गरजेपेक्षा’ खाली दोन रेघा!

एवढा चिक्कू, कुरकुऱ्या, नाकाने कांदे सोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. समोरच्याचा पणजोबाच तो! खाण तशी माती.

जेवताना हिला सगळे अर्ज वाचून दाखवले, आवाज काढून, नाक फेंदारून. ती एकदाही हसली नाही. म्हणाली, माणूस ओळखीचा वाटतो. वाटणारच की. त्याचा पणतू रोज समोर दिसतो.

१० फेब्रुवारी
समोरच्याच्या दिव्याबद्दल नगरपालिकेला नवीन अर्ज. या वेळी कलमवार लिहिला. जास्त प्रभावी वाटतो.

१६ फेब्रुवारी
मोठ्या मनाने समोरच्याकडे गेलो आणि त्याच्या पणजोबांचे अर्ज वाचून दाखवले. माणसाला आपलं मूळ कळावं, तो अधिकारच आहे. वाटलं होतं, खजील होईल. छे! खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला. बायकोला हाक मारून बोलावलं, पुन्हा वाचायला लावलं. म्हणाला, दादा, आमच्यातही एखादा वल्ली असणारच की, झेरॉक्स मिळेल का? चहा आला. कप मोठे असतात त्यांच्याकडे. दोन घेतले.

कीव आली. इतिहास सगळ्यांनाच झेपत नाही.

२७ फेब्रुवारी
नगरसेविका बाईंना भेटलो. अर्ज दिला, दोन मागण्या. एक, गल्लीला ‘कंदीलवाले गल्ली’ असं नाव द्यावं. दोन, कंदीलवाल्यांच्या मूळ घरावर त्यांच्या स्मरणार्थ कायमचा दिवा लावावा. दिव्याचं कलम स्वतः बसून घडवलं: ‘दिवा चांगला प्रखर असावा. त्याचे तोंड बरोबर समोरच्या घराकडे असावे. तो सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अखंड जळावा व कोणाच्याही तक्रारीवरून बंद करू नये.’

आता बघू समोरचा कोणता पडदा लावतो ते!

बाईंनी वाचून विचारलं, शेजाऱ्यांची हरकत नाही ना? मी म्हणालो, त्यांच्या घराण्याला हरकतींची सवय आहे.

८ मार्च
व्याह्यांना फोन केला. कंदिलाची हकिकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारलं, कागद आहे का? मी म्हणालो, झेरॉक्स आहे, शिक्क्यासकट. पुन्हा शांतता. इतकी गोड शांतता फोनवर मी कधी ऐकली नव्हती.

१५ मार्च
वंशावळ तयार. आजोबा कंदीलवाल्यांचेच चिरंजीव, याचा कागद सापडत नाही. आजोबांच्या नावापुढे ‘थोर सुपुत्र’ लिहिलं. थोर असणारच. फ्रेम व्याह्यांच्या फ्रेमवाल्याकडेच टाकली आणि बजावलं, त्यांच्यापेक्षा मोठी पाहिजे.

२२ मार्च
फ्रेम आली. दारातून आत जात नाही. तिरकी केली, उभी केली, भाडेकरूंना बोलावलं. तात्पुरती जिन्यात ठेवलीय. मुलगी संध्याकाळी आली, तिचा गुडघा आपटला. म्हणाली, बाबा, जिन्यात दिवा का नाही? फ्रेमचं कंदीलवाल्यांकडचं टोकच लागलं तिला. भाग्यवान आहे.

१९ एप्रिल
मंजूर! दोन्ही मागण्या, एक शब्द न बदलता! समारंभ ५ मे. पाटीचं अनावरण, दिव्याचं उद्घाटन आणि प्रमुख वक्ता मी. व्याही येणार. आदल्या दिवशीच येतो म्हणाले, कागद निवांत बघायचेत. बघा, बघा!

दिवसभर घरातल्या घरात फिरलो. हिने विचारलं, काय झालंय? काही नाही. मला कुणी आजवर प्रमुख म्हटलं नव्हतं. खात्यात निरोपाच्या दिवशीसुद्धा भाषण दुसऱ्याचं होतं, मला फक्त नारळ हातात धरून उभं केलं होतं.

२४ एप्रिल
घराला रंग काढतोय. समोरच्याने पाहिलं आणि म्हणाला, तुमचा एवढा मोठा दिवस, मग आमचं दार का मळकं? त्याच रंगाऱ्याला तोही बोलावणार, आमचं झाल्यावर. शिवाय खुर्च्या आणून देतो म्हणाला. संशय येण्याइतका चांगला वागतोय.

२९ एप्रिल, दुपारी
एक किरकोळ बाब.

रंगारी चौकटीवरचे जुने थर खरवडत होता. त्याखाली पत्र्याची लहानशी पट्टी निघाली. तिच्यावर आकडा. नऊ.

रंगाऱ्याने विचारलं, साहेब, तुमचं घर बारा ना? मी म्हणालो, पूर्वी पत्र्याची टंचाई होती, कुणाची तरी जुनी पट्टी वापरली असेल. तो म्हणाला, खिळे चौकटीइतकेच जुने आहेत. मी म्हणालो, तुम्ही रंगाचं बघा. दोन हात जास्त मारायला सांगितले.

नऊ. पोरांचा खेळ असेल. पोरं काय, काहीही ठोकतात.

३० एप्रिल
सहज रेकॉर्ड रूममध्ये गेलो. सहजच.

गल्लीचे नंबर तोंडापासून एका हाताने आत चढत जातात आणि दुसऱ्या हाताने परत येतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते एवढंच की पूर्वी मोजणी डाव्या हाताने सुरू व्हायची आणि आजोबांच्या लहानपणी ती उजव्या हाताने सुरू केली. ठराव आहे, नकाशा आहे. नकाशावर बोट ठेवून मोजत गेलो. पुन्हा मोजलं. मग उलट मोजलं. प्रत्येक वेळी जुना बारा म्हणजे आजचा…

बाईंनी पाणी आणून दिलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. तीन महिने त्या माणसाच्या सोबत होतो. रोज संध्याकाळी तो कंदिलाची काच पुसायचा असं मनाशी धरून चाललो होतो. माझ्यासारखीच उंची दिली होती त्याला.

आणि जुना नऊ म्हणजे… तो शांतताप्रिय रहिवासी… नाक फेंदारून वाचला मी त्याला. स्वतःचंच नाक.

१ मे
शांतपणे विचार केला. इतिहासकाराने सत्य सांगितलंच पाहिजे हे खरं, पण कधी सांगावं याला काही बंधन नाही. समारंभ होऊन जाऊ दे. पाचदहा वर्षांनी एखादा लेख लिहीन. पट्टीवर रंगाचे चार हात झालेत. कुणाला काही माहीत नाही.

हिला सांगितलं. कुणाला तरी सांगावं लागतंच. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, मला अर्ज ऐकले तेव्हाच वाटलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, इतके खुशीत होतात.

४ मे, दुपारी
व्याही सकाळीच आले. चष्मा पुसून कागद मांडून बसले. मी चहाची घाई करत होतो, एवढ्यात समोरचा आला. हातात पत्र्याची पट्टी. त्याच्या दाराचा रंग खरवडताना निघाली म्हणे. म्हणाला, दादा, तुम्ही इतिहासातले जाणकार, आमच्या नऊ नंबरच्या चौकटीवर हा बारा कसा काय?

व्याह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याच्या टंचाईबद्दल बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि एखाद्याला नातू झाल्याची बातमी द्यावी तशी म्हणाली, अहो भाऊजी, नंबर बदललेत! कंदीलवाले तुमचे! अर्ज करणारे ते आमचे!

हे मी आजच सांगणार होतो. फक्त चहा व्हायचा होता.

समोरचा हसेल असं वाटलं. नाही हसला. पट्टी हातात धरून खुर्चीत बसला आणि म्हणाला, आमचे वडील तो दिवा कधी बंद करू द्यायचे नाहीत. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं एवढंच. मग सदऱ्याच्या टोकाने पट्टी पुसायला लागला.

व्याही उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा. त्यापेक्षा हसले असते तर परवडलं असतं.

५ मे, संध्याकाळी
समारंभ झाला. भाषण तेच ठेवलं, ‘आमचे’ होतं तिथे ‘त्यांचे’ म्हणत गेलो. दोनदा चुकलं. नंबरांचा घोटाळाही सांगितला, ‘संशोधनाअंती मला असं आढळलं’ अशा शब्दांत. लोक हसले. या वेळी मी विनोद केला होता, असं धरायला हरकत नाही. शेवटी टाळ्या खूप पडल्या. थांबेनात. समोरच्याने सगळ्यांसमोर मिठी मारली आणि माईकवरून म्हणाला, दादा नसते तर आम्हाला आमचा माणूस कळला नसता.

आपण मुळातच संशोधक, घराण्याचा मोह नव्हताच कधी.

निघताना व्याह्यांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं की त्यांच्या वंशावळीतला घोडा फ्रेमवाल्याने सुचवला होता. वर जागा रिकामी दिसत होती म्हणे.

फक्त एक गोष्ट. भाषण संपल्यावर नगरपालिकेचा वायरमन शिडी घेऊन आमच्या दाराशी आला, ठराव वाचला आणि शिडी उचलून समोर गेला. ‘कंदीलवाल्यांच्या मूळ घरावर.’ तोंड कुठे करायचं तेही त्यात होतं.

६ मे, पहाटे
झोप नाही. खोलीत एवढा लख्ख उजेड आहे की दिवा न लावता लिहितोय.

६ मे, अकरा
नगरपालिकेत जाऊन आलो. दिवा जरा मंद करा म्हटलं, निदान वळवा. कारकुनाने फाइल काढली आणि मला माझंच कलम वाचून दाखवलं. अखंड, प्रखर, कोणाच्याही तक्रारीवरून बंद करू नये. म्हणाला, अर्ज फार पक्का केलाय साहेब, कुठेच फट ठेवली नाही. कौतुकाने बोलत होता.

घरी येऊन नवीन अर्ज लिहायला बसलो. पहिली ओळ आपोआप आली: मी शांतताप्रिय रहिवासी असून…

पेन खाली ठेवलं.

पडदा लावून बघितला. हवा येते. ही यायच्या आत पुन्हा सरकवून ठेवला, तिला सांगितलेलं नाही.

१४ जून, रात्री नऊ
दिवा बंद. पावसाचं पाणी गेलं असावं आत. समोरचा बहिणीकडे गेलाय, त्याच्या फाटकावरचाही बंद. गल्लीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. आज गाढ झोपणार!

१५ जून, सकाळी
डोळ्याला डोळा नाही. उशीवर काहीच नव्हतं, सवय मोडली. वरचा भाडेकरू कामावरून आला तो पायरीवर ठेचकाळला आणि फ्रेमवर पडला. काच फुटली. त्याला काही झालं नाही. थोर सुपुत्राच्या मधोमध तडा.

जिन्यात बल्ब लावला. आधीपासून लावायचाच होता.

मग बसून अर्ज लिहिला, कलमवार. मी शांतताप्रिय रहिवासी असून समोरच्या घरावरील दिवा बंद असल्याने मला झोप येत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांची गैरसोय होते. दिवा ताबडतोब लावण्यात यावा. ‘ताबडतोब’ खाली दोन रेघा.

हिने वाचला. या वेळी मात्र हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, याची एक प्रत आपल्याकडे ठेवा, पुढे कुणी पणतू शोधत येईल.

झेरॉक्स काढली. आणि खाली घर नंबर स्पष्ट लिहिला: सध्याचा बारा, पूर्वीचा नऊ.